सही करण्याआधीचा वेळ

उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी २१ जुलै २०२५ रोजी, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला. सप्टेंबरात त्यांच्या जागी महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन निवडून आले. त्यांच्या विरोधात उभे होते बी. सुदर्शन रेड्डी, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि गोव्याचे पहिले लोकायुक्त. मी ही निवडणूक बारकाईने पाहत होतो. माझी भाची मुक्ता हायकोर्टात वकिली करते. तिला त्यात अजिबात रस नव्हता.

"मामा, ४५२ विरुद्ध ३००," ती म्हणाली. "निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक होता. उलटा लागला असता तरी तुझ्या-माझ्या जगण्यात काय फरक पडला असता? राष्ट्रपती सही करतात, उपराष्ट्रपती राज्यसभेत सदस्यांना गप्प बसवतात. पंचाहत्तर वर्षांचा इतिहास तो एवढाच."

माझं मत नेमकं उलटं. विधिमंडळ सचिवालयात माझी नोकरी झाली. राष्ट्रपतिपदाचं मतदान विधान भवनात असायचं, तेव्हा त्या खोलीत मी काम केलं आहे. आमचा वाद बराच लांबला. तो इथे मांडतो आहे, कारण या दोन पदांबद्दल आपल्याकडे एक तर शाळेच्या पुस्तकातला आदर असतो, नाही तर 'रबरी शिक्का' एवढा एक शब्द. मुक्ताकडे त्या शब्दामागचा पुरावा होता.

"घटना समितीतच हे ठरलं," तिने सुरुवात केली. "४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं की आपल्या राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे, तो राष्ट्राचा प्रतिनिधी आहे, राज्यकर्ता नाही. के. टी. शहांना अध्यक्षीय पद्धत हवी होती, ती समितीने नाकारली. तरी कोणाला शंका राहू नये म्हणून १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम ७४मध्ये लिहूनच टाकलं, की मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक. मग यात शोधायचं काय?"

"पुढची दुरुस्ती का सोडतेस?" मी विचारलं. "१९७८ची चव्वेचाळिसावी. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. दुसऱ्यांदा तोच आला तर सही करावीच लागते. सरकारी कचेरीत दिवस काढलेल्या माणसाला 'फेरसादर करा' या शेऱ्याची ताकद सांगावी लागत नाही. फाईल खाली आली की टेबलाटेबलावर विचारलं जातं, साहेबांनी परत का पाठवली? घाईत टिपणी लिहिणाऱ्याला ती पुन्हा वाचावी लागते. राष्ट्रपतींच्या हातात सत्ता नाही, पण वेळ आहे. सही करण्याआधीचा वेळ."

"आणि तो वेळ वापरला कोणी, कधी?" मुक्ता आता वकिलासारखी बोलायला लागली. "२५ जून १९७५. मंत्रिमंडळाची बैठक नाही, ठराव नाही. पंतप्रधानांचं पत्र रात्री राष्ट्रपती भवनात गेलं आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी मध्यरात्रीच्या आत आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्र्यांना कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत. तुझी चव्वेचाळिसावी दुरुस्ती तेव्हा नव्हती, कबूल. पण 'मंत्रिमंडळाचा निर्णय कुठे आहे' एवढं विचारायला कुठली दुरुस्ती लागत होती? त्याच डिसेंबरात अबू अब्राहम यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये राष्ट्रपतींना आंघोळीच्या टबात बसून वटहुकमावर सही करताना दाखवलं. त्या चित्रात काही वाढवून सांगितलंय असं कोणालाही वाटलं नाही, हे त्यातलं भयंकर."

मी उत्तर देणार तोच ती पुढे गेली.

"आणि हे जुनं झालं म्हणशील, तर आपल्याच राज्यातलं घे. १२ नोव्हेंबर २०१९ला महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली. २३ तारखेला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली. मंत्रिमंडळाची बैठक झालीच नव्हती. कामकाज नियमावलीतल्या बाराव्या नियमाचा आधार घेऊन पंतप्रधानांनी स्वतःच्या अधिकारात शिफारस केली. आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांची शपथ झालीसुद्धा. पहाटेच्या शपथविधीवर सगळा महाराष्ट्र बोलला. राज्यपालांवर बोलला, दोन्ही पवारांवर बोलला. दिल्लीत त्या वेळी सही करणाऱ्या माणसाने काही विचारलं का, यावर कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणजे लोकांनीही धरूनच ठेवलंय की तिथून प्रश्न येणार नाही."

हा शेवटचा मुद्दा मला लागला. त्या दिवसांत मी स्वतः सगळी वर्तमानपत्रं वाचत होतो, आणि ती म्हणते तसंच होतं. राजभवनावर रकानेच्या रकाने भरून आले होते. राष्ट्रपती भवन जणू त्या गोष्टीत नव्हतंच.

"प्रश्न येतो तेव्हा काय होतं ते बघ," मी म्हणालो. "ऑक्टोबर १९९७. उत्तर प्रदेशात कल्याणसिंग यांचं सरकार बरखास्त करा, अशी गुजराल मंत्रिमंडळाची शिफारस राष्ट्रपती नारायणन यांच्याकडे गेली. त्यांनी ती परत पाठवली. मंत्रिमंडळाने विषय सोडून दिला. पुढच्या वर्षी सरकार बदललं, वाजपेयींच्या मंत्रिमंडळाने बिहारमधल्या राबडीदेवींच्या सरकारबद्दल तीच शिफारस केली. नारायणन यांनी तीही परत पाठवली. एकदा एका बाजूचं सरकार वाचलं, एकदा दुसऱ्या बाजूचं. बिहारची शिफारस १९९९च्या फेब्रुवारीत पुन्हा आली, तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे सही केली, आणि राज्यसभेत बहुमत नाही म्हणून केंद्रालाच महिन्याभरात माघार घ्यावी लागली. फेरविचाराला सांगितलं होतं ते उगाच नव्हतं."

"एक नारायणन."

"झैलसिंगसुद्धा. त्यांच्याकडून कोणी अपेक्षा ठेवली होती? पण १९८६चं पोस्ट ऑफिस दुरुस्ती विधेयक, ज्यात सरकारला लोकांची पत्रं अडवण्याचा अधिकार मिळत होता, ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं असताना त्यांनी त्यावर सही केली नाही आणि परतही पाठवलं नाही. घटनेत मुदत दिलेली नाही, त्याचा आधार घेतला. त्या विधेयकाचा कायदा पुढे झालाच नाही. तुझं-माझं टपाल कोणी उघडायचं हा प्रश्न होता, मुक्ता. फरक पडत नाही म्हणतेस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने जे काढलं, ते मला अपेक्षित नव्हतं.

"मामा, तू थांबण्याची तारीफ करतोयस. थांबवणं नेहमी आपल्या बाजूचं असतं का? १९५१ आठव. पहिले राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद. हिंदू कोड बिल संसदेत होतं, आणि त्यांनी नेहरूंना कळवलं की विधेयक आपल्यापुढे आलं तर आपण ते स्वतःच्या विचाराने तपासू. बायकांना घटस्फोट मागता यावा, मुलींना वारसा मिळावा, यासाठीचं ते विधेयक. ते रेंगाळलं म्हणून बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडलं. राष्ट्रपतीला खरंच अडवता येत असतं, तर माझ्या आजीच्या पिढीला काय मिळालं असतं? माझ्याकडे येणाऱ्या अशिलांच्या हातात जो कायदा आहे, तो राष्ट्रपतीला शिक्का ठरवल्यामुळे झालाय. मला शिक्काच बरा."

हे तिचं सगळ्यात मजबूत बोलणं होतं, आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. राजेंद्रबाबू सरळ, अभ्यासू माणूस. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण मुक्ता म्हणते तो धोका खरा होता. लोकांनी थेट निवडून न दिलेल्या एका माणसाच्या श्रद्धेपुढे संसद अडकली असती.

"पण शेवट बघ," मी म्हटलं. "नेहरूंनी कायदेतज्ज्ञांचं मत घेतलं, ते राष्ट्रपतींच्या विरुद्ध गेलं. १९५२ची निवडणूक झाली. नव्या लोकसभेने तेच काम वेगवेगळ्या कायद्यांत विभागून १९५५-५६मध्ये पुरं केलं आणि राजेंद्रबाबूंनी त्या सगळ्यांवर सह्या केल्या. मन मानत नसताना केल्या. प्रश्न विचारा, आणि लोकांनी निवडलेल्या सभागृहाने पुन्हा सांगितलं की मान तुकवा. १९७८च्या दुरुस्तीत जे आलं, ते त्या माणसाने पंचवीस वर्षं आधी करून दाखवलं होतं."

"म्हणजे तुझा सगळा भरवसा माणसावर. मग माणूस निवडला कसा जातो त्यावर बोलू."

इथे मी तिला विधान भवनातली ती खोली सांगितली. आमदाराला गुलाबी मतपत्रिका, खासदाराला हिरवी. उमेदवाराच्या नावापुढे पसंतीचा आकडा घालायचा. अक्षरी लिहिलं तर मत बाद. आकडा मात्र कोणत्याही भारतीय भाषेतला चालतो, त्यामुळे आपला आमदार मराठी १ काढू शकतो. १९७१च्या जनगणनेवर ठरलेलं मताचं मूल्य: महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, गोव्याच्या आमदाराचं २०. पेटी लाखेने बंद करून विमानाने दिल्लीला जाते. आणि मुख्य म्हणजे या मतदानात पक्षाला व्हिप काढता येत नाही. राज्यसभेला आता आमदार आपलं मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून टाकतो; राष्ट्रपती निवडताना त्याचं मत फक्त त्याचं असतं. २००७मध्ये शिवसेना भाजपच्या आघाडीत असून प्रतिभाताई पाटलांच्या मागे उभी राहिली, आणि जळगावच्या वकील बाई देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. हरले ते भैरोंसिंह शेखावत, पदावर असलेले उपराष्ट्रपती.

"व्हिप नाही म्हणून काय झालं, ते १९६९ला दिसलं," मुक्ता म्हणाली. "अंतरात्म्याचा आवाज ऐकून मत द्या, ही इंदिरा गांधींच्या बाजूची हाक."

१९६९ आम्हा दोघांनाही सोडवत नव्हतं. या दोन पदांचा सगळा गुंता त्या एका उन्हाळ्या-पावसाळ्यात आहे. ३ मेला राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले. पदावर असताना राष्ट्रपती गेल्याची ती पहिलीच वेळ. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी प्रभारी राष्ट्रपती झाले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली, ती इंदिरा गांधींना नको होती. गिरींनी अपक्ष उभं राहायचं ठरवलं. मग उपराष्ट्रपतीही राहिला नाही तर राष्ट्रपतीचं काम कोण बघणार? घटनेत याचं उत्तर नव्हतं. त्याच मे महिन्यात संसदेने घाईने कायदा केला की अशा वेळी सरन्यायाधीशांनी काम बघावं. त्याप्रमाणे २० जुलैला हिदायतुल्ला प्रभारी राष्ट्रपती झाले. मॉरिस कॉलेजात शिकलेला, नागपुरात वकिली केलेला आणि नागपूर हायकोर्टाचा मुख्य न्यायाधीश राहिलेला माणूस महिनाभर राष्ट्रपती भवनात होता. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले तेव्हा त्यांचं स्वागत यांनीच केलं. दहा वर्षांनी हेच हिदायतुल्ला बिनविरोध उपराष्ट्रपती झाले.

"तू हिदायतुल्लांवर रमतोस," मुक्ता म्हणाली. "मी १९ जुलै बघते. गिरी दुसऱ्या दिवशी पद सोडणार. संसदेचं अधिवेशन २१ तारखेला सुरू होणार. या दोन तारखांच्या तोंडावर चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम गिरींच्या सहीने निघाला. दोन दिवस थांबलं असतं तर विधेयक सभागृहातच आलं असतं. राष्ट्रीयीकरण चांगलं की वाईट हा वेगळा वाद. पण सही करणारा माणूस स्वतः उमेदवार होता, आणि ज्यांच्या सल्ल्याने सही करायची त्यांच्याच पाठिंब्यावर निवडून यायचं होतं. तुझा तो सही करण्याआधीचा वेळ कुठे गेला? फेब्रुवारी १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांचा कायदा रद्द केला, तो नव्याने आणावा लागला."

यावर माझ्याकडे गिरींच्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही. मला त्या निवडणुकीतला तिसरा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. रायगडाजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं होतं. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने त्यांना उभं केलं. त्यांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. त्यामुळे पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत मिळालं नाही, देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजावी लागली, आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते निवडून आले. दुसरी पसंती मोजायची वेळ त्यानंतर कधी आलेली नाही. पंतप्रधानांशी न पटल्यावर पद सोडून दाखवलेला असा माणूस १९७५ला त्या खुर्चीत असता तर ती रात्र वेगळी झाली असती का, हे सांगता येत नाही. पण मला तो विचार टाळता येत नाही.

"मुक्ता, आता उपराष्ट्रपतींकडे ये. तू त्यांना मोजतच नाहीस. पहिल्या दहा राष्ट्रपतींत सहा जण आधी उपराष्ट्रपती होते: सर्वपल्ली राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, वेंकटरमण, शंकरदयाळ शर्मा, नारायणन. २००२पासून पाच राष्ट्रपती झाले, त्यांतला एकही नाही. ही वाट बंद झाली आणि त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. काही वर्षं, राधाकृष्णन यांच्यासारखी तर दहा वर्षं, राज्यसभेत दोन्ही बाजूंना सांभाळलेला माणूस वर गेला की त्याला विधेयक कसं घाईत निघतं हे माहीत असतं. पंतप्रधानांशी बोलताना तो नवखा नसतो. शंकरदयाळ शर्मांनी १९९६मध्ये निवडणुकीच्या तोंडावर नरसिंह राव सरकारचे दोन वटहुकूम अडवले, ते उगाच नाही."

"आणि ज्या कलामांनी २००६मध्ये लाभाच्या पदांचं विधेयक परत पाठवलं, ते कुठल्या शिडीने आले होते?" तिने लगेच विचारलं. "आणि त्याच कलामांनी आदल्या वर्षी बिहार विधानसभा बरखास्तीवर मॉस्कोतून, रात्री, सही केली. ती बरखास्ती घटनाबाह्य ठरली. शिडी असो नसो. बी. डी. जत्ती उपराष्ट्रपती होते. १९७७ला प्रभारी राष्ट्रपती असताना जनता सरकारने नऊ काँग्रेसी विधानसभा बरखास्त करायला सांगितल्या, तेव्हा ते थांबले. कशासाठी थांबले? आपल्या जुन्या पक्षाची राज्यं होती म्हणून, असंच तेव्हा बोललं गेलं. थांबण्याला कारण लागतं, मामा. दयेच्या अर्जांचं बघ. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी मुंबई हायकोर्टाने २०२२मध्ये जन्मठेपेत बदलली, कारण दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला जवळजवळ आठ वर्षं गेली. तोही सही करण्याआधीचा वेळच."

"तो राज्य आणि केंद्राच्या कचेऱ्यांत गेला, राष्ट्रपतींच्या टेबलावर नव्हे."

"बाहेरून मला कसं कळणार, कुठे गेला?"

इथे वादाचा रोख बदलला. तोपर्यंत ती म्हणत होती, अधिकार नाही, म्हणून अर्थ नाही. आणि मी म्हणत होतो, वेळ आहे, म्हणून अर्थ आहे. आता तिचं म्हणणं असं झालं की तो वेळ कसा वापरला हे लोकांना दिसायला हवं. झैलसिंग यांनी विधेयक का अडवलं, हे तेव्हा लोकांपुढे नीट आलं नाही. पुढे राष्ट्रपती झालेल्या नीलम संजीव रेड्डी यांनी १९७९मध्ये आधी यशवंतराव चव्हाणांना सरकार बनवायला विचारलं, मग चरणसिंगांना. आणि ऑगस्टमध्ये जगजीवनराम यांना संधी न देता लोकसभा बरखास्त केली. यातला प्रत्येक निर्णय त्यांचा स्वतःचा होता, आणि प्रत्येकाच्या कारणांबद्दल आजही तर्कच चालतात. नारायणन यांनी मात्र आपल्या निर्णयांची कारणं सांगायची पद्धत पाडली. १९९८मध्ये वाजपेयींना बोलावताना कोणाच्या पाठिंब्याची पत्रं आली, आपण कसा विचार केला, हे राष्ट्रपती भवनाच्या निवेदनात होतं. ती पद्धत पुढे टिकली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

"मग तेच सक्तीचं करा," मुक्ता म्हणाली. "कलम ३५२ (आणीबाणी) किंवा ३५६ (राष्ट्रपती राजवट) खालची प्रत्येक उद्घोषणा संसदेपुढे ठेवावी लागतेच. सोबत एक टिपणी जोडा: फाईल किती वाजता आली, सही किती वाजता झाली, राष्ट्रपतींनी कोणते खुलासे मागितले, काय उत्तर आलं. काही विचारलं नसेल तर तसं लिहा."

मी तिला कलम ७४(२) दाखवलं. मंत्र्यांनी कोणता सल्ला दिला याची चौकशी न्यायालयाला करता येत नाही. ती म्हणाली, न्यायालयाला नाही, संसदेला येते. आणि १९९४च्या बोम्मई निकालाने सल्ल्यामागची कागदपत्रं न्यायालयालाही बघता येतात. मला दुसरी भीती होती. राष्ट्रपतींचे प्रश्न असे छापून यायला लागले तर प्रत्येक प्रश्न राजकारण म्हणून वाचला जाईल, आणि पक्ष याहून मवाळ माणूस शोधतील. "याहून मवाळ म्हणजे कसा?" असं तिने विचारलं, आणि पुढे ताणलं नाही. टिपणीचं मला पटलं.

एक गोष्ट मात्र उरली. ३५६खाली राजवट लावणारी उद्घोषणा दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांनी मंजूर करावी लागते. उठवणारी उद्घोषणा फक्त पुढे ठेवायची असते, तिला मंजुरी लागत नाही. पहाटे ५.४७ची उद्घोषणा दुसऱ्या प्रकारची. मुक्ताला तिलाही मंजुरी हवी आहे. मला टिपणी पुरेशी वाटते. मंजुरीची अट घातली, तर नको असलेली राष्ट्रपती राजवट लांबवायला दिल्लीतल्या कोणत्याही सरकारला आयतं निमित्त मिळेल, आणि बहुमत असलेलं राज्य सरकार ताटकळत बसेल. ती म्हणते, मुदत सात दिवसांची ठेवा. यावर आमचं अजून जमलेलं नाही.